वादळाची चाल मोजणारा कप्तान

पाथर्डी समुद्रापासून लांब आहे. पश्चिमेला कोकणचा किनारा सुमारे अडीचशे किलोमीटरवर, आणि मध्ये सह्याद्रीची भिंत. पूर्वेला बंगालचा उपसागर तर त्याहूनही कितीतरी दूर. तरीही सप्टेंबरअखेर बाजरीची कणसे खळ्यावर असताना, किंवा नोव्हेंबरात ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या कोप्या फडाशेजारी उभ्या राहिल्यावर आभाळ अचानक भरून येते, तेव्हा त्यामागे कधीकधी दूरच्या समुद्रात उठलेले चक्रीवादळ असते.

२०२१ मधले ‘गुलाब’ हे त्याचे ठळक उदाहरण. २६ सप्टेंबरच्या संध्याकाळी ते आंध्र प्रदेशात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर चढले. तेलंगण ओलांडून २८ तारखेपर्यंत त्याचे उरलेले अंग मराठवाडा-विदर्भावर आले आणि शेजारच्या बीडसह मराठवाड्याला पावसाने झोडपले. पुढे ते गुजरातमार्गे अरबी समुद्रात उतरले, तिथल्या उबदार पाण्यावर पुन्हा बळावले, १ ऑक्टोबरला त्याला ‘शाहीन’ हे नवे नाव मिळाले आणि ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या किनाऱ्यावर धडकले. म्हणजे एकाच वादळाने आठवडाभरात भारताचे द्वीपकल्प आडवे पार केले आणि वर अरबी समुद्रही ओलांडला.

वादळ किती लांब जाते, किती वेगाने जाते आणि जमिनीवर आल्यावर त्याचे काय होते, हे प्रश्न आज उपग्रहांच्या साहाय्याने सोडवले जातात. भारतालगतच्या समुद्रांपुरते त्यांची उत्तरे चिकाटीने शोधण्यात ज्यांचे काम मोलाचे ठरले, त्यांच्याकडे उपग्रह नव्हता आणि सुरुवातीला तारायंत्रही नव्हते. त्यांचे नाव हेन्री पिडिंग्टन. जगभर वापरला जाणारा ‘सायक्लोन’ हा शब्द त्यांनीच घडवला.

समुद्रावरून संग्रहालयात

पिडिंग्टन यांचा जन्म ७ जानेवारी १७९७ रोजी इंग्लंडमधील ससेक्स परगण्यात झाला. तरुणपणी ते व्यापारी जहाजांवर गेले आणि हिंदुस्थान व चीनच्या फेऱ्या करता करता कप्तान झाले. १८३० च्या सुमारास त्यांनी समुद्र सोडला आणि ते कलकत्त्यात स्थायिक झाले.

कलकत्त्यातले त्यांचे काम वादळांशी संबंधित नव्हते. ते खनिजांच्या संग्रहालयाचे अभिरक्षक होते, एशियाटिक सोसायटीच्या कारभारात होते, मातीचे नमुने तपासत होते आणि कोणती माती कापसाला, उसाला किंवा चहाला मानवेल यावर लिहीत होते. हिंदुस्थानातील वनस्पतींची एक सूचीही त्यांनी १८३२ मध्ये प्रसिद्ध केली. पुढे जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायमंडळाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. जहाज कसे बुडाले, कप्तानाने शिडे केव्हा उतरवली, वारा कुठून होता, हे सगळे तपशील त्यांच्यासमोर येत. खलाशी कशाने मरतात, हे त्यांना कागदोपत्री दिसत होते आणि स्वतः समुद्रावर काढलेल्या वर्षांमुळे ते समजतही होते.

त्याच काळात वादळांविषयीची समजूत बदलत होती. अमेरिकेतील विल्यम रेडफिल्ड यांनी १८२१ च्या एका मोठ्या वादळानंतर गावोगावी पडलेली झाडे पाहिली. एका भागात झाडे एका दिशेला आडवी झाली होती, तर काही अंतरावर नेमकी उलट दिशेला. सरळ वाहणाऱ्या वाऱ्याने असे होणार नाही. वारा गोल फिरत असला पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ब्रिटिश लष्करातील अभियंते विल्यम रीड यांनी वेस्ट इंडीजमधील वादळांचा अभ्यास करून १८३८ मध्ये यावर ग्रंथ लिहिला. तो पिडिंग्टन यांच्या हाती आला आणि बंगालच्या उपसागरातली वादळेही याच नियमाने चालतात का, हे तपासायचे त्यांनी ठरवले. १८३९ च्या जूनमधील वादळावर त्यांनी पहिला निबंध लिहिला. पुढच्या काळात अशा निबंधांची संख्या वीसच्या पुढे गेली.

रोजनिशांमधून उलगडलेली वाट

त्यांची पद्धत साधी आणि वेळखाऊ होती. वादळातून वाचून बंदरात आलेल्या जहाजांच्या रोजनिशा ते मिळवत. प्रत्येक रोजनिशीत जहाजाची जागा, वाऱ्याची दिशा आणि वायुभारमापकाची नोंद असे. एकाच दिवशी, एकाच वेळी वेगवेगळ्या जहाजांना वारा कुठून लागला, हे ते नकाशावर बाणांनी दाखवत. वारा वर्तुळात फिरत असेल तर प्रत्येक बाणाशी काटकोन करणाऱ्या रेषा एकाच ठिकाणी मिळायला हव्यात. त्या जिथे मिळतील तिथे वादळाचे केंद्र. दुसऱ्या दिवशीच्या नोंदींवरून दुसरे केंद्र. दोन केंद्रांमधले अंतर ३६० किलोमीटर निघाले, तर वादळ चोवीस तासांत तितके सरकले. म्हणजे त्याची चाल ताशी १५ किलोमीटर.

या हिशेबातून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत गेली. वादळाला दोन वेगवेगळे वेग असतात. अंगणात सोडलेला भोवरा आरीवर गरगर फिरतो, पण जमिनीवरून हळूहळू सरकतो. चक्रीवादळाचेही तसेच. त्यातला वारा ताशी १२० किलोमीटरने फिरत असेल, पण सबंध वादळ पुढे सरकते ते बहुधा ताशी दहा ते वीस किलोमीटरने, म्हणजे सायकलच्या वेगाने. वातावरणाच्या वरच्या थरांतले वारे त्याला, नदीचा प्रवाह भोवऱ्याला नेतो तसे, वाहून नेतात. ते प्रवाह मंद असतील तर वादळ रेंगाळते, जोरात असतील तर धावते. १९३८ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर धडकलेले हरिकेन ताशी ७५ किलोमीटरहून अधिक वेगाने पुढे सरकले होते. बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात अशी घाई क्वचितच दिसते.

हरिकेन, टायफून आणि सायक्लोन ही एकाच प्रकारच्या वादळाची वेगवेगळ्या समुद्रांतली नावे आहेत, हेही इथे लक्षात ठेवायला हवे.

जहाजाच्या पाच फेऱ्या

१८४५ च्या फेब्रुवारीत मॉरिशसहून मस्कतकडे निघालेले ‘चार्ल्स हेडल’ नावाचे जहाज वादळात सापडले. त्याच्या कप्तानाने वारा पाठीवर घेऊन जहाज पळवले. सरळ पळत दूर गेलो, असे जहाजावरच्या माणसांना वाटणे स्वाभाविक होते. पिडिंग्टन यांनी त्याची रोजनिशी नकाशावर उतरवली, तेव्हा दिसले की जहाज जवळपास पाच दिवस वादळाच्या केंद्राभोवती फिरत राहिले होते. त्याने एकामागून एक पाच फेऱ्या मारल्या होत्या. या फेऱ्यांबरोबरच ते वादळाच्या संगतीने पुढेही ओढले गेले होते. म्हणजे वाऱ्याचे फिरणे आणि वादळाचे सरकणे या दोन्ही गती एकाच जहाजाच्या मार्गात उमटल्या होत्या.

वारा वर्तुळात फिरतो याचा याहून स्पष्ट पुरावा मिळणे अवघड होते. या फिरण्याला नाव हवे म्हणून पिडिंग्टन यांनी वर्तुळ किंवा सापाचे वेटोळे असा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दावरून ‘सायक्लोन’ हा शब्द तयार केला. १८४८ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या खलाशांसाठीच्या पुस्तकामुळे तो रूढ झाला. आपल्या ‘चक्रीवादळ’ या शब्दातले चक्रही तेच सांगते.

ते पुस्तक पंडितांसाठी नव्हते, शिडाच्या जहाजावरच्या कप्तानांसाठी होते. त्यासोबत शिंगाच्या पातळ, पारदर्शक पत्र्यांवर छापलेली वादळाची वर्तुळे दिलेली असत. एक उत्तर गोलार्धासाठी, एक दक्षिण गोलार्धासाठी. कप्तानाने तो पत्रा नकाशावर आपल्या जहाजाच्या जागी ठेवायचा, वाऱ्याच्या दिशेशी जुळवायचा आणि केंद्र कुठे आहे ते पाहायचे. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले, तर केंद्र उजव्या हाताला असते. काही तासांनी पुन्हा तेच केले की वादळ कोणीकडे सरकते आहे ते कळते आणि जहाज कुठल्या दिशेला काढायचे ते ठरवता येते.

या हिशेबातला एक भाग पुढे सुधारावा लागला. वारा नेमक्या वर्तुळात फिरत नाही, तो फिरता फिरता आत केंद्राकडे वळतो. त्यामुळे केंद्र काटकोनाच्या थोडे मागे असते, हे नंतरच्या संशोधकांनी दाखवून दिले. मूळ कल्पना मात्र टिकली.

शिंगाचा पत्रा कप्तानाच्या हातात देण्यामागे एक अडचणही होती. वादळाची बातमी वादळाआधी पोहोचवण्याचे साधनच नव्हते. डाकेचे हरकारे टप्प्याटप्प्याने रात्रंदिवस धावले, तरी ते वादळाच्या पुढे राहतीलच असे नव्हते. समुद्रावर तर तेही नाहीत. म्हणून ज्याच्यावर संकट आले, त्यालाच ते वाचता यावे, एवढाच मार्ग होता.

ऐकला न गेलेला इशारा

खलाशांनी पिडिंग्टन यांचे ऐकले. सरकारने ऐकले असे म्हणता येत नाही.

हुगळी नदी गाळाने भरत चालल्याने कलकत्त्याला पर्यायी बंदर हवे होते. सुंदरबनातल्या मातला नदीच्या काठी ते उभारायचा विचार सुरू झाला. १८५३ मध्ये पिडिंग्टन यांनी गव्हर्नर जनरल लॉर्ड डलहौसी यांना जाहीर पत्र लिहिले. वादळ किनाऱ्याला लागते तेव्हा खरा मारेकरी वारा नसतो, पाणी असते, हे त्यांना जुन्या नोंदींवरून कळले होते. उथळ समुद्रात वारा पाण्याला किनाऱ्याकडे रेटत आणतो, आणि पुढे जमीन आल्याने ते पाणी उंच चढते. आंध्रच्या किनाऱ्यावरचे कोरिंगा गाव १७८९ मध्ये अशाच तीन लाटांनी बुडाले होते. मातलाच्या काठी बंदर बांधले तर एक दिवस वादळाच्या ऐन भरात खारे पाणी आत घुसेल आणि सगळी वसाहत पाच ते पंधरा फूट पाण्याखाली जाईल, असा इशारा त्यांनी दिला.

७ एप्रिल १८५८ रोजी पिडिंग्टन कलकत्त्यात वारले. त्यानंतरच्या वर्षांत मातलाच्या काठी रेल्वे गेली, धक्के बांधले गेले आणि व्हाइसरॉयच्या नावावरून गावाला पोर्ट कॅनिंग म्हणू लागले. ५ ऑक्टोबर १८६४ च्या चक्रीवादळात हुगळीत पाण्याची मोठी लाट चढली आणि कलकत्त्याच्या परिसरात सुमारे ५० हजार माणसे दगावली. तरीही काम थांबले नाही. नोव्हेंबर १८६७ मध्ये वादळ थेट मातलाकडे आले आणि पाणी बंदरात शिरले. नुकसान इतके झाले की काही वर्षांतच ते बंदर सोडून द्यावे लागले. इशारा आणि घटना यांत चौदा वर्षांचे अंतर होते.

१८६४ च्या हानीनंतर कलकत्ता बंदरासाठी वादळाच्या सूचना देण्याची व्यवस्था सुरू झाली. तारायंत्र आता आले होते, आणि तार वादळापेक्षा कितीतरी जलद पोहोचत होती. १८७५ मध्ये भारतीय हवामान विभाग स्थापन झाला. कलकत्त्याहून त्याचे मुख्यालय सिमल्याला आणि १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. मुख्यालय पुढे दिल्लीला गेले, तरी हवामान विभागाचे बरेच काम आजही पुण्यातून चालते.

जमिनीवर आल्यावर

पिडिंग्टन यांचे बहुतेक काम समुद्रावरचे होते. तरी वादळ किनाऱ्यावर संपत नाही, हे त्यांच्याही लक्षात आले होते. १८४२ च्या ऑक्टोबरअखेर मद्रासला बसलेल्या तडाख्याचा माग त्यांनी अरबी समुद्रापर्यंत घेतला होता.

समुद्राचे उबदार पाणी हे चक्रीवादळाचे इंधन. पाण्याचे तापमान साधारण २६ ते २७ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर भरपूर वाफ वर चढते, ती थंड होऊन ढग बनताना उष्णता सोडते आणि त्या उष्णतेवर वादळ चालते. इंधन मिळत राहिले तर ते किती लांब जाईल याला जवळपास मर्यादा नाही. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाजवळ जन्मलेले ‘फ्रेडी’ हिंदी महासागर ओलांडून मोझांबिकपर्यंत पोहोचले. ते ३६ दिवस टिकले आणि बारा हजार किलोमीटरहून अधिक चालले. जमिनीवर मात्र वाफेचा पुरवठा तुटतो, डोंगर, झाडे आणि घरे वाऱ्याला अडवतात. त्यामुळे पहिल्या काही तासांतच वारा वेगाने मंदावतो.

३ जून २०२० चे ‘निसर्ग’ याची साक्ष देते. दुपारी ते अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले, तेव्हा वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. संध्याकाळी पुणे जिल्ह्यावर आल्यावर त्याचा जोर ओसरू लागला, रात्री ते उत्तर महाराष्ट्राकडे सरकले आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पश्चिम विदर्भात पोहोचेपर्यंत ते बरेच दुबळे झाले होते. किनाऱ्यावर त्याने आणखी एक जुना धडा शिकवला. वादळ ज्या दिशेने जाते तिच्या उजव्या बाजूला फिरण्याचा आणि सरकण्याचा वेग यांची बेरीज होते, डाव्या बाजूला वजाबाकी. पिडिंग्टन कप्तानांना हीच धोक्याची बाजू ओळखायला शिकवत होते. निसर्ग ईशान्येकडे चालले होते, म्हणून श्रीवर्धन, मंडणगड, दापोली भरडले गेले आणि डाव्या हाताची मुंबई तुलनेने बचावली.

वारा मेला तरी पाऊस मरत नाही. वादळाने समुद्रावरून उचललेली वाफ त्याच्यासोबत शेकडो किलोमीटर आत येते. म्हणूनच पाथर्डीसारख्या पर्जन्यछायेतल्या तालुक्याला चक्रीवादळ वाऱ्याच्या रूपात क्वचित, आणि पावसाच्या रूपात अधिक भेटते. इथे वादळाची चाल पुन्हा महत्त्वाची ठरते. चाल जितकी मंद, तितका पाऊस एकाच जागी जास्त वेळ पडतो. १९९९ चे ओडिशाचे महाचक्रीवादळ किनारा ओलांडल्यावर जवळपास तिथेच रेंगाळले, त्यामुळे आधी वाऱ्याने आणि लाटेने झोडपलेल्या भागात पुराचीही भर पडली. त्या वादळात सुमारे दहा हजार माणसे गेली.

त्याच ओडिशात २०१३ मध्ये ‘फायलिन’ आले, तेव्हा मृतांची संख्या पन्नासच्या आत राहिली. वादळ प्रचंडच होते. फरक होता तो वेळेचा. ताशी पंधरा किलोमीटरने येणारे वादळ चारशे किलोमीटर दूर असेल, तर हातात एक दिवसाहून अधिक वेळ असतो. तेवढ्या वेळात लाखो लोक किनाऱ्यावरून हलवले गेले. वारा कितीही वेगाने फिरत असो, वादळ हळू चालते, आणि माणसे वाचतात ती याच फटीत.

किनाऱ्यापासून दूर असलेल्यांना तर ही फट आणखी मोठी मिळते. आंध्रच्या किनाऱ्यावर चढलेले वादळ नगर-बीडच्या शिवेपर्यंत यायला दीड-दोन दिवस घेते. बातम्यांत वाऱ्याचा वेग मोठ्या अक्षरांत येतो. पाथर्डीच्या शेतकऱ्याने त्याच्या शेजारी वादळाची दिशा, पुढे सरकण्याचा वेग आणि आपल्या जिल्ह्याचा पावसाचा इशारा हेही पाहावे. दोन दिवसांत काढलेली बाजरी झाकता येते, कांदा चाळीत हलवता येतो, जनावरे ओढ्याकाठून वर आणता येतात आणि परगावी फडावर गेलेल्या घरच्यांना कोपी सखल जागेतून उचलायला फोनवर सांगता येते.